स्वीडिश दिग्दर्शक रॉय अँडरसनचे चित्रपट पाहताना हसावं की नाही? ही शैली त्यानं आणली कुठून?

तुम्ही लिहिलंय की त्याचा 'अ पिजन सॅट ऑन अ ब्रँच रिफ्लेक्टिंग ऑन एक्झिस्टन्स' बघताना तुम्ही एका मेलेल्या माणसाच्या प्रसंगाला मोठ्यानं हसलात आणि घरच्यांनी तुमच्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. बोटीवरच्या कॅन्टीनमध्ये गिऱ्हाईक मरून पडलंय आणि गल्ल्यावरची बाई विचारते, यांनी कोळंबीच्या सँडविचचे आणि बियरचे पैसे दिलेत, आता याचं काय करायचं? कुणाला हवंय का? एक जण जरा घुटमळतो, पुढं होतो आणि बियर उचलतो. इथं हसू आलं नाही तरच काळजी करायची.

मी सांगलीत शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. सिनेमातलं मला फार कळत नाही. या स्वीडिश बाबाकडं मी चित्रांच्या वाटेनं गेलो. एलिमेंटरी परीक्षेला स्मरणचित्र असतं ना, तिथं 'एस.टी. स्टँड' विषय दिला की पोरं काय करतात? कंडक्टर, शेंगावाली, पेंगणारा म्हातारा, कुत्रं, सगळे सारखेच ठळक. मोठं कोण आणि बारकं कोण, ते बघणाऱ्यानं ठरवायचं. अँडरसन हेच करतो. कॅमेरा एका जागी रोवतो, प्रसंग संपेस्तोवर हलवत नाही. 'साँग्ज फ्रॉम द सेकंड फ्लोअर' या अख्ख्या चित्रपटात कॅमेरा एकदाच सरकतो. क्लोजअप नाही. पुढच्या माणसाची टाय जेवढी स्पष्ट, तेवढीच लांबच्या खिडकीतली बाई. पुढं एकाचा संसार मोडत असतो आणि मागं कुणी तरी निवांत जेवत असतं. हसू आणि वाईट वाटणं एकदम येतं ते या दोघांमधल्या अंतरामुळं, असं माझं मत.

ही नजर सोळाव्या शतकातल्या चित्रकार ब्रूगेलची. त्याचं 1565 सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र व्हिएन्नात आहे, इंटरनेटवर मोठं करून बघा. दमलेले शिकारी परत येताहेत, शिकार म्हणाल तर एक कोल्हा. खानावळीची पाटी एका आकड्यावर लोंबकळतेय. खाली गोठलेल्या तळ्यावर लोक मजेत घसरताहेत, त्याच्या पलीकडं एका घराच्या धुराड्याला आग लागलीय. आणि वर निष्पर्ण फांदीवर पाखरं बसलीत. ही पाखरं खालच्या माणसांविषयी काय विचार करत असतील, यातून 'पिजन'चं ते लांबलचक नाव आलं.

दुसरा धागा जर्मनीतला. पहिल्या महायुद्धानंतरचे चित्रकार ओटो डिक्स आणि गेओर्ग शोल्त्स. डिक्स स्वतः खंदकात लढून आलेला. त्यानं 1926 साली एका पत्रकार बाईचं व्यक्तिचित्र केलं: एकचष्मा, सिगारेट, ऐट, आणि पायातला मोजा घसरलेला. तो मोजा बघितला की अँडरसनची पांढुरकी, पावडर थापल्यासारखी माणसं कुठून आली ते कळतं. त्याच्या चित्रपटात प्रकाश सगळीकडं सारखा. लपायला कोपरा म्हणून नाही.

शेवटच्या 'अबाउट एंडलेसनेस'मध्ये (2019) बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या कोलोन शहरावरून एक जोडपं तरंगत जातं, ते चित्रकार शागालचं. मला मात्र हा चित्रपट आधीच्यांपेक्षा पातळ वाटला.

नाटककार बेकेटचं नाव सगळेच घेतात. बरोबरच आहे. 'पिजन'मधले ते दोन रडके फिरते विक्रेते, लांब सुळ्यांचे ड्रॅक्युलाचे दात आणि हसणारी पिशवी विकणारे, अर्धे बेकेटचे आणि अर्धे लॉरेल-हार्डी. पण माझ्या मते खरी किल्ली पेरू देशाचा कवी सेसार वायेखो. 'साँग्ज' त्यालाच वाहिलाय, आणि जो खाली बसतो तो प्रिय असो, अशा अर्थाची त्याची ओळ त्यात येते. ही माया नसती तर सगळं नुसतं टवाळीचं झालं असतं.

आता गंमत ऐका. अँडरसनचा 1970 चा पहिला चित्रपट साधी, कोवळी प्रेमकथा होती आणि ती गाजली. 1975 चा दुसरा असा आपटला की पुढचा मोठा चित्रपट यायला पंचवीस वर्षं लागली. मधल्या काळात त्यानं शेकड्यांनी जाहिराती केल्या. मिनिटभरात, एकाच शॉटमध्ये एखाद्याची फजिती उभी करायची. हात तिथं बसला. त्या कमाईवर 1981 मध्ये स्टॉकहोममध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. तुम्हाला जो रस्ता, जे स्टेशन दिसतं, ते बहुतेक तिथं आत बांधलेलं असतं. लांबच्या इमारती रंगवलेल्या, नाही तर छोटी मॉडेलं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' केलं त्या गावचे आम्ही. रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यापुढं खरे अश्रू ढाळणारे नट आम्हाला नवे नाहीत. आणि मरणाची थट्टा म्हणाल, तर आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (1974) मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो. ज्यानं ते पाहिलंय त्याला अँडरसन परका वाटायचं कारण नाही.

'साँग्ज'मध्ये एक जण विम्यासाठी स्वतःचंच फर्निचरचं दुकान जाळतो आणि जळक्या कागदांची पिशवी घेऊन काजळलेल्या तोंडानं मेट्रोत उभा असतो. आजूबाजूचे प्रवासी गाऊ लागतात. हे अतिरंजित वाटतं ना? मलाही वाटायचं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचा पूर ओसरला तेव्हा आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं भिजलेल्या खतावण्या रस्त्यावर पापडासारख्या वाळत घातल्या होत्या. शाई पसरून बरीच उधारी निळी झालेली. त्याचाच एक जुना देणेकरी मदतीला आला होता. तो उकिडवा बसून एकेक पान हलक्या हातानं उलटायचा आणि उलटण्याआधी जरा वाकून बघायचा. स्वतःचं नाव राहिलंय का ते शोधत होता, हे मालकाला कळत होतं. तो काही बोलला नाही. दोघांसाठी चहा मागवला. मागं एक बाई चिखलातून चपलेचा दुसरा पाय शोधत होती. मी पलीकडच्या कट्ट्यावरून बघत होतो आणि मला हसू आवरेना. त्या वेळी माझ्याही घरात गुडघाभर चिखल होता.

सुरुवात 'यू, द लिव्हिंग'पासून (2007) करा. एक जण भरल्या टेबलावरचा टेबलक्लॉथ ओढायची करामत करतो, जुनी भांडी फुटतात आणि त्याला चक्क मृत्युदंड होतो. फुटलेल्या भांड्यांखालच्या टेबलावर काय कोरलंय ते नीट बघा. मोबाइलवर मात्र बघू नका, मागची माणसं दिसतच नाहीत.

आणि एकट्यानं बघू नका. मी 'पिजन' दोन रिटायर मित्रांना घरी बोलावून दाखवला. तो कोळंबीच्या सँडविचचा प्रसंग झाला, एक जण पोट धरून हसला, मग एकदम गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "बियर तो घेऊन गेला, पण सँडविच कुणी खाल्लं रे?"