आधी विचार, हा रस्ता काढला कोणी

प्रिय मित्रा,

ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यावर चालणारी, रुंद टायरची) आणलीस, आता गाड्यांचा त्रास नसलेली, डोंगर-झाडीतली वाट हवी, आणि सुरुवात साताऱ्याहून करायची. छान. फक्त फोनमधल्या ॲपवर सगळं सोपवू नकोस. ते एक तर तुला डंपरच्या रस्त्याला लावेल, नाहीतर कड्याच्या तोंडाशी नेऊन सोडेल. नकाशावर कच्ची रेघ दिसली की एवढंच शोध : ही कोणी काढली आणि कशासाठी? चढ किती, खाली काय अंथरलंय, वर्दळ कधी असते, याची निम्मी उत्तरं त्यातच असतात.

'घाट' या शब्दाला भुलू नकोस. वरंधा घाट गाडीचा, पण केळदहून कोकणात उतरणारा मढे घाट पायवाटेचा. तिथे सायकल खांद्यावर घेऊन उतरणं म्हणजे घोटा मुरगळून घेण्याची सोय. जंगलातल्या जाळरेषा उपग्रहचित्रात मस्त रुंद दिसतात, पण त्या वणवा अडवायला आखलेल्या. चढ न बघता सरळ धारेवर चढतात. शिवाय कोयना आणि चांदोलीची जंगलं 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे परवानगीशिवाय चाक घालायचं नाही, आणि हद्दीची पाटी 'दिसली नाही' हे कारण वनरक्षकासमोर चालत नाही. 1972 च्या दुष्काळात मजुरांच्या हातांनी झालेले मुरमाचे रस्ते अजून बऱ्याच वाड्यांना जोडतात, पण पुष्कळांवर आता डांबर चढलंय. ताजं उपग्रहचित्र बघून घे. धरणाच्या पाण्याकडेचे रस्ते सपाट वाटतात, तसे नसतात. प्रत्येक ओढ्यापाशी रस्ता आत वळतो, उतरतो, परत चढतो. समोरची वाडी सरळ रेषेत चार किलोमीटर, रस्त्याने सहज आठ.

आणि मग पवनचक्क्यांचे रस्ते. सुरुवातीला तू हेच धर. सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीचं पठार. पात्यांचे लांबलचक ट्रेलर आणि क्रेन वर न्यायच्या म्हणून इथली वळणं ऐसपैस ठेवावी लागली. एरवी वर्दळ म्हणजे देखभालीची एखादी जीप आणि गुरं. ठोसेघरपर्यंत डांबर आहे आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्याची जत्रा असते. आठवड्यातला मधला दिवस निवड, तोही ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पठार उपग्रहचित्रात कंगव्यासारखं दिसेल : मधून एक मुख्य रस्ता, त्याला दाते. प्रत्येक दाता एका पवनचक्कीच्या बुंध्याशी संपतो. दात्यात शिरलास की परत फिरणं आलं. उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वाऱ्याला आडोसा नसतो, म्हणून जाताना वाऱ्याला तोंड दे आणि येताना पाठ.

सड्यावर जांभा आहे. तो झिजून वाटाण्याएवढे गोल खडे होतात आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला साचतात. त्यावर पुढचा ब्रेक दाबून हँडल वळवलंस की चाक निसटलंच. वेग वळणाच्या आधी कमी कर, वळताना ब्रेक सोड, नजर रस्ता संपतो तिथे.

चढ घरीच मोजता येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे 500 मीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये 20 मीटर उंची. रस्त्याच्या एका सेंटीमीटरात दोन रेषा ओलांडल्या तर चढ 8 टक्के, जमेल. पाच ओलांडल्या तर 20 टक्के, म्हणजे ढकलगाडी.

आता गिअर. दुकानातला माणूस पुढे 34 दातांची चेनरिंग (पेडलजवळची चकती) आणि मागे सर्वांत मोठी चकती 34 दातांची असलेली कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) देऊन 'घाटाला पुरेल' म्हणेल. हिशोब कर. चाकाचा परीघ 2.2 मीटर, पेडल मिनिटाला 60 फेरे. 34-34 वर ताशी 8 किलोमीटर होतात. तू आणि सायकल मिळून 80 किलो, चढ 10 टक्के, खाली मुरूम : साधारण 200 वॅट लागतात. तेच पुढे 30 आणि मागे 42 केलंस तर ताशी साडेपाच आणि 140 वॅट. नवशिक्याला 200 वॅट तासभर झेपत नाहीत. तो उभा राहून पेडल मारायला लागतो आणि मागचं चाक मुरमात फिरायला लागतं. बसून चढता येईल असाच गिअर घे.

टायर 45 मिलिमीटर, ट्यूबलेस. 70 किलो वजनाला हवेचा दाब पुढे 28, मागे 32 पीएसआयपासून सुरू कर. दगडावर रिम 'ठण्ण' वाजली तर दोन वाढव. खडीवर टायर टणाटण उडत असेल तर दोन कमी. आपल्या उन्हात सीलंट (टायरमधलं, भोक बुजवणारं द्रव) लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी उघडून बघ. बाभळीचा काटा सीलंट जिरवतं, पण फोडलेल्या खडीची धार टायरची बाजू कापते, तिथे त्याची मात्रा चालत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा पाच सेंटीमीटरचा तुकडा आतून लाव आणि ट्यूब घाल. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरव, पण कापड गुंडाळून. महिनोन्‌महिने घुसलेले काट्याचे शेंडे तिथे मुकाट बसलेले असतात. ते चिमट्याने ओढले नाहीत तर नवी ट्यूब पाच मिनिटांत पंक्चर होते. हे बहुतेकजण दोन ट्यूब घालवल्यावर शिकतात.

ओली चिकण माती लागली तर उतरून सायकल उचल. माती टायर आणि फोर्कमध्ये भरते, चाक अडकतं, आणि चाक अडकलेलं असताना पेडलवर जोर दिलास की डिरेलर (मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आऱ्यांत ओढला जातो. हँगर (डिरेलर सांगाड्याला जोडणारा तुकडा) वाकतो किंवा तुटतो, आणि तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. डोंगरात तर सोडच, साताऱ्यातही मिळेलच असं नाही. म्हणून सायकल घेतली त्याच दुकानातून जादा हँगर घेऊन ठेव, सोबत चेनची जोडकडी आणि टायरचं भोक बुजवायच्या प्लगचं पाकीट. पावसाळी उतारावर माती ब्रेक पॅड कानशीसारखी घासून काढते. त्या दिवसांत धातूमिश्रित पॅड बरे. अस्तर एक मिलिमीटरवर आलं की बदल. शेवाळलेल्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि फरशी दिसत नसेल तर परत फीर.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धर. होळीनंतर पठारावरचे झरे आटतात, तेव्हा हापसा कुठल्या वाडीत आहे ते आधीच खूण करून ठेव. धनगरवाड्याजवळ कुत्री धावून आली तर वेग वाढवू नकोस. खाली उतर, सायकल मध्ये धर, चालत राहा. दोन हाका मारल्यास की घरातलं माणूस बाहेर येतं. रानातलं बेडं (फाटक) जसं सापडलं तसंच लावून जा, कारण उघडं राहिलं तर गुरं भातात शिरतात आणि शिव्या पुढच्या सायकलवाल्याला बसतात. आग्या मोहोळ दिसलं तर थांबू नकोस, अत्तर-डिओ घरीच ठेव.

पहिल्या दिवशी कच्चा रस्ता 25 किलोमीटरच धर. मुरमावर ताशी 12 चा वेग नवशिक्याला चांगला, म्हणजे दोन तास, त्यात फोटो आणि पंक्चर धरून तीन. काळोख पडायच्या आत डांबरावर यायचं. संध्याकाळी गवे बाहेर पडतात. फोनची रेंज खिंडीत गेली की गेली, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेव. आणि सायकल मोडलीच तर चाकं काढून वडापच्या (प्रवासी जीपच्या) टपावर बांधता येते. शेवटचं वडाप किती वाजता सुटतं, ते चढतानाच चहाच्या टपरीवर विचारून घे.