नव्वद मिनिटं कोण देतंय?

चि. लेका,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, म्हणजे स्वयंपाकघरात उभा राहून हळू आवाजात बोलत होतास; वडील बाहेरच्या खोलीत असणार. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर मी चिडतो आणि तू ‘हो सर, हो सर’ करून सुटका करून घेतोस. म्हणून लिहितोय. आणि हे पत्र लपवून वाचू नकोस, वाचून झालं की वडिलांच्या हातात दे.

तीन वाटा आहेत म्हणालास. एजंट म्हणतोय साडेचार लाख भरा, युरोपात ट्रायल लावून देतो. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, या फुटबॉल लीगमधल्या एका क्लबच्या रिझर्व्ह, म्हणजे दुसऱ्या फळीच्या, संघाकडून बोलावणं येईल असं कुणीतरी सांगितलंय. आणि आपल्या कोल्हापुरातल्या पेठेचा फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीचे कार्यकर्ते म्हणतायत, यंदा पेठेकडूनच खेळ, हंगामाचं आम्ही बघतो. यातली मोठी वाट कुठली, असं विचारतोयस.

खेळ येतो का, हे विचारलं नाहीस ते बरं केलंस. डावा पाय आहे, वेग आहे, फुलबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, पाठीमागं कधी पळायचं याची अक्कल आहे. नसती तर मी कागद-पेन घेऊन बसलोच नसतो. पण तुझा प्रश्नच चुकलाय. मोठी वाट कुठली हे विचारू नकोस. पुढचं वर्षभर तुला आठवड्याला नव्वद मिनिटं कोण देतंय, एवढं विचार. सराव नव्हे, फोटोसाठीचा फ्रेंडली नव्हे. पॉइंट टेबल असलेला, हरलं तर कुणाला तरी रात्री जेवण जाणार नाही असा सामना.

हे मी का घोकतोय, ते तुझ्याच खेळातून सांगतो. डाव्या कडेला चेंडू आला की तू तो नेहमी डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगानं घ्यायचास आणि टचलाइनकडं तोंड करायचास. सरावात मी ओरडून ओरडून घसा बसवला, काडीचा फरक पडला नाही, कारण सरावात आपलीच पोरं तुला वळायला जागा देतात. मग परवाच्या सामन्यात त्या जाडजूड फुलबॅकनं तुला तीनदा रेषेवर कोंडून चेंडू काढून घेतला. पब्लिकनं शिव्या घातल्या. शेवटच्या पंधरा मिनिटांत, पाय जड झालेले असताना, चौथ्या वेळी तू खांद्यावरून मागं बघितलंस, उजव्या पायानं चेंडू आत घेतलास आणि तो गडी चुकीच्या पायावर उभा राहिला. हे तुला मी शिकवलं नाही. त्या फुलबॅकनं शिकवलं, आणि तो फुकट शिकवतो. अट एकच, तू मैदानात पाहिजेस.

आता त्या साडेचार लाखांचं बघू. आईच्या पाटल्या गहाण टाकायचं चाललंय म्हणालास. माझा तर वाचतानाच संताप होतो. तू सतरा वर्षांचा आहेस. फिफाच्या नियमात १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या देशातल्या क्लबकडं बदली होत नाही. अपवाद आहेत, म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडं राहायला गेले किंवा घर सीमेला लागून असलं तर, किंवा युरोपातल्या युरोपात सोळानंतर. यात तू कुठं बसतोस? मग ट्रायलमध्ये समजा तू जीव तोडून खेळलास, तरी तो क्लब तुझी नोंदणी करणार कशी? हे त्या एजंटला माहीत नसेल तर तो एजंट नव्हे, आणि माहीत असेल तर विषयच संपला. फिफाचा परवाना असलेल्या एजंटांची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. अठराच्या आतल्या पोराशी बोलायचं तर आधी आईवडिलांची लेखी संमती लागते. तुझ्याशी तो इन्स्टाग्रामवर बोलतोय.

जपानच्या ताकेफुसा कुबोचं बघ. २०११ ला, दहा वर्षांचा असताना, बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. पैसे भरून नव्हे, त्यांनी निवडून नेला. तरीसुद्धा अल्पवयीन परदेशी मुलांबद्दलचा हाच नियम मोडल्याबद्दल २०१४ ला फिफानं बार्सिलोनावर कारवाई केली, पोराला सामने खेळता येईनात, आणि २०१५ ला तो परत जपानला आला. परत येऊन पंधराव्या वर्षी जपानच्या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध उतरला. अठरा पूर्ण झाल्यावर २०१९ ला रेआल माद्रिदनं घेतला. बार्सिलोनाचं नाव सोडून तिसऱ्या श्रेणीत आला, कारण तिथं नव्वद मिनिटं होती. आणि उलटी गोष्ट हवी असेल तर २०२३ ची पोर्तुगालची बातमी शोध. अकादमीच्या नावाखाली ठेवलेली परदेशातली पोरं पोलिसांना बाहेर काढावी लागली, त्यात आशियातलीही होती. त्यांच्या आयांनीही काहीतरी गहाण टाकलंच असेल.

युरोपात जाऊच नको असं मी म्हणत नाही, गैरसमज करून घेऊ नकोस. पण ताश्कंदचा खुसानोव कसा गेला? अठरा पूर्ण होताच, २०२२ ला, थेट बेलारूसमधल्या मिन्स्कच्या एनर्गेतिक-बीजीयू नावाच्या क्लबकडं. नाव तरी ऐकलं होतंस का? कुणीच ऐकलं नव्हतं. तिथं तो दर आठवड्याला खेळला. तिथून २०२३ ला फ्रान्सच्या लाँसकडं, आणि जानेवारी २०२५ ला मँचेस्टर सिटीनं त्याच्यासाठी कोट्यवधी युरो मोजले. एजंट तुला मँचेस्टर सिटीचा फोटो दाखवतो, मिन्स्क कधी दाखवत नाही. मिन्स्कमध्ये त्याचं कमिशन किती निघणार?

रिझर्व्ह संघाचं बोलावणं खरंच आलं तर हुरळून जाऊ नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. त्यांना विचार, गेल्या हंगामात तुमच्या रिझर्व्हनं किती सामने खेळले? रिलायन्स फाउंडेशनच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये विभागीय फेरीतच संघ बाहेर पडला तर वर्षभर नुसता सराव. माझ्या जागेवर अजून किती विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारे, आहेत? राहणं-खाणं क्लबचं की माझं? त्यांनी फी मागितली तर तो क्लास झाला. हे विचारायला लाजू नकोस, जर्सीच्या मापापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

आणि क्लब म्हणजे सरकारी नोकरी नव्हे, हे वडिलांना नीट समजाव. महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगायला नको खरं तर. महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, एफसी पुणे सिटी २०१९ ला गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. २०२५ च्या जुलैत तर आयएसएलचा हंगामच लटकला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. म्हणून बारावी दे, पुढचं कॉलेज कर. जपानच्या मितोमाला अठराव्या वर्षी कावासाकी फ्रोंताले हा क्लब करार देत होता, तो नको म्हणून त्सुकुबा विद्यापीठात गेला. तिथं विद्यापीठाकडून सामने खेळला, खेळाडूंच्या डोक्याला कॅमेरे लावून ड्रिबलिंगवर प्रबंध लिहिला, मग त्याच फ्रोंतालेत गेला आणि तिथून इंग्लंडच्या ब्रायटन क्लबला. चार वर्षं वाया गेली म्हणायची? चार वर्षं खेळला तो. हा फरक तुमच्या पिढीच्या डोक्यात शिरत का नाही, मला कळत नाही.

पेठेच्या फुटबॉलला तू हसतोस, हे मला आवडलं नाही. शाहू स्टेडियमवर दुपारी चारला उतरायचं, समोर हजारोंचं पब्लिक, अर्धं तुला ओळखणारं आणि उरलेलं तुझ्या घरच्यांना ओळखणारं. इतकी ईर्षा सोसून ज्यानं पेनल्टी मारली त्याला पुढं कुठल्या मैदानाची भीती? कोणती अकादमी हे शिकवते? पण तेवढ्यावर थांबलास तर मीच तुझी तंगडी मोडेन. आपला हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. त्यात भांडणं झाली की सामने बंद. उरलेलं वर्ष कट्ट्यावर. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांवर होती आणि अख्ख्या मिझोरमची ११ लाखांच्या आत. त्यांनी २०१२ ला स्वतःची लीग सुरू केली, स्थानिक टीव्हीवर दाखवली, पोरांना दर आठवड्याला खेळवलं. पाच वर्षांत त्यांचा ऐझॉल एफसी हा क्लब आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकला. आपण अजून कुठल्या तालमीनं कुणाचा खेळाडू फोडला यावर रात्री जागवतो. असो, हा विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो.

आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव तुम्ही पोरं घेता. घ्यावंच. पण २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप तेवढा लक्षात ठेवता. त्याच वर्षी भारतीय फुटबॉल फेडरेशननं त्या पोरांचा इंडियन ॲरोज संघ आय-लीगमध्ये उतरवला. तो हंगाम ॲरोज तळाला राहिला. हरला, पण सतरा ते एकोणीस वर्षांची पोरं दर आठवड्याला तयार माणसांविरुद्ध खेळली. मला त्या तळाच्या जागेचं जास्त कौतुक आहे.

आता तू म्हणशील, सर, गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेत बाकावरच होता की, तरी घडला. तो गोलकीपर, सहा फुटांच्या वर उंच, आणि बाविशीत करार करून गेलेला. तू विंगर आहेस. विंगरचे पाय बाकावर गंजतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. तुझ्याहून थोडा मोठा असताना मला मुंबईत एका बड्या कंपनीच्या संघात खेळाडू म्हणून नोकरी लागली. घरी पेढे वाटले. कुपरेजच्या मैदानावर आमचा संघ उतरायचा आणि मी ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसायचो. त्या जागेवर दोन सीनिअर होते, दोघं चांगले होते. बरीच वर्षं अशीच गेली, गुडघे शाबूत असतानाची वर्षं. नोकरीनं घर बांधलं, बहिणींची लग्नं झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही आणि त्या काळात दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. पण दुसऱ्या फळीतल्या एका संघानं मला मागितलं होतं. रोज खेळवतो म्हणाले होते. त्या संघाचे निकाल मी पेपरात अजून शोधतो, तो संघ कधीच बंद पडलाय तरी.

आणि तुझ्या कानावर आलंच असेल, की याच मास्तरनं एका पोराला परदेशी जाऊ दिलं नाही, त्याचं करिअर बुडवलं. आलं असेल तर माझ्याकडूनही ऐक. हो, थांबवलं. वडिलांसमोर बसून थांबवलं. असाच एजंट, असेच लाख, पोराचं वयही तेवढंच. आज तो एमआयडीसीत कामाला आहे आणि रविवारी खेळतो. तालमीत मला बघून काही जण तोंड फिरवतात. फिरवू देत. त्याच्या वडिलांची जमीन शाबूत आहे, आणि तो नंतर तीन हंगाम सलग खेळला, सगळे सामने. गेला असता तर काय झालं असतं हे ज्यांना ठामपणे माहीत आहे, त्यांनी तेव्हा साडेतीन लाख काढून द्यायचे होते. पुन्हा तोच प्रसंग आला तर पुन्हा तेच करीन. आता तोच प्रसंग आलाय, म्हणून एवढं लिहितोय.

काय करायचं ते सांगतो. यंदा पेठेकडून खेळ, बारावी दे, उन्हाळ्यात हंगाम संपला की पुण्या-मुंबईच्या लीगमधल्या क्लबांच्या ट्रायल दे; माझ्या ओळखी आहेत तिथं शब्द टाकतो. तालमीनं फेडरेशनच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, तुझी नोंद केलीय का आणि कुठल्या हंगामापासून, हे कार्यकर्त्यांकडून लिहून घे. ते टाळाटाळ करतील. मग त्यांना सांग, की पोरगा पुढं कधी मोठ्या रकमेला परदेशी गेला तर त्या रकमेतले ५ टक्के १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, पण कागदावर नाव असेल तरच. मग बघ कशी धावपळ होते. जन्मतारीख आहे तीच ठेव. तुझ्या मामानं सुचवलेलं एक वर्ष कमी करायचं खूळ डोक्यातून काढ. सतरा वर्षांखालच्या स्पर्धांत मनगटाचा एमआरआय काढतात.

शनिवारी वडिलांना घेऊन मैदानावर ये, सव्वासहाला. त्याआधी नको, तेव्हा पोलीस भरतीची पोरं धावत असतात, बोलता येणार नाही. येताना आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि त्या एजंटनं पाठवलेला कागद आण. पैसे दिले नसतील असं धरून चालतोय.

तुझा,
मास्तर

ता. क. मांडीची मागची शीर धरते म्हणालास, त्यावर नुसता बाम चोळू नकोस. आठवड्यातून दोनदा, सरावानंतर गुडघ्यावर बस, धाकट्याला मागून घोटे धरायला सांग आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून हळूहळू पुढं झुकत जा, आवरत नाही तोवर. मग हात टेकव. सुरुवातीला पाचच. कंबरेत वाकलास तर मोजायचं नाही. आणि कडक मैदानावर ते लोखंडी स्टडचे बूट घालून आलास तर शनिवारी बाहेर बसवीन.