आईलाही जोडता यावं असं घरचं वायफाय

राउटर टीव्हीमागे कोंबू नका. घराच्या मधोमध, छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार खातात. आतल्या खोलीत २.४ बरा पोचतो.

पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये शिरा. ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तिथला अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि नवीन माणूस नेमका हाच विसरतो. सुरक्षेत डब्ल्यूपीए३ (वायफायला कुलूप लावायची नवी पद्धत) निवडा. जुना फोन अडला तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, मात्र बंदच करा. त्याचा पिन ८ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, शिवाय शेवटचा आकडा आधीच्यांवरूनच ठरतो. म्हणजे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालंय.

पासवर्ड अवघड हवा, पण वाचता यायला हवा. माझ्या आईला मोतीबिंदू. शून्य आणि ओ तिला सारखेच दिसायचे, मग दरवेळी मला फोन. शेवटी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घेतले, रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये डॅश. जाड मार्करने पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरच्या उपकरणांपासून तोडलेलं दुसरं वायफाय, वेगळं काढलं आणि त्याचा मोठा क्यूआर कोड छापून ठेवला. आता आलेल्याला तीच तो कोड दाखवते. कॅमेरा आणि स्मार्ट बल्बही मी त्याच गेस्टवर ठेवलेत.