गाणं झोंबलं म्हणून थेट पोलीस स्टेशन?

प्रश्न : मागच्या गणपतीत बायकांबद्दल घाणेरडे बोल असलेलं एक डीजे गाणं वाजवू नका म्हणून आमच्या ग्रुपने इन्स्टावर रान उठवलं, मंडळांनी ते बंदही केलं. आता आमच्यातल्याच एका पोराने पाणीटंचाईवर रॅप टाकला, कोणाचं नाव घेतलं नाही, तरी गावातले कार्यकर्ते म्हणतात भावना दुखावल्या, केस ठोकू. आम्ही केलं ते आंदोलन आणि त्यांनी केलं ती दडपशाही, असं कसं म्हणायचं? – एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : म्हणता येतं, पण अर्धंच. तुम्ही मंडळांना विनंती केली, त्यांनी ऐकली, विषय संपला. त्या कार्यकर्त्यांनीही रॅपला शिव्या घातल्या, अनफॉलो केलं, उलट रॅप काढला तर तो त्यांचा हक्कच आहे की! घोळ सुरू होतो तो खाकीला मधे ओढल्यावर. २०२३ मध्ये राज मुंगासेच्या 'खोके'वाल्या रॅपवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, आणि २०१२ मध्ये पालघरला तर एका मुलीने बंदवर फेसबुक पोस्ट टाकली आणि दुसरीने ती नुसती लाइक केली म्हणून दोघींना अटक झाली होती, त्यात लावलेलं आयटी कायद्यातलं ६६अ कलमच सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये उडवलं.

आता कामाचं. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढींवर एका कवितेच्या व्हिडिओवरून जामनगरला झालेला गुन्हा सुप्रीम कोर्टाने रद्द केला. कोर्ट म्हणालं, शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने मोजा, ज्याला प्रत्येक विरोधी शब्दात धोका दिसतो त्याच्या नजरेने नाही. (ही फूटपट्टी मूळची आपल्या नागपूर हायकोर्टाची, १९४०च्या दशकातली, जस्टिस व्हिव्हियन बोस यांची.) शिवाय अशा बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असेल तर एफआयआरआधी डीवायएसपीच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करावी, असंही त्यात आहे. पोलिसांनी बोलावलं तर हा निकाल प्रिंट काढून सोबत न्या.

पण रॅपमध्ये जातीवरून शिवी, मारायची धमकी किंवा नाव घेऊन खोटा आरोप असेल तर मात्र हे काही कामी येणार नाही, म्हणून लिरिक्स आधी वकिलाला वाचायला द्या. घाबरून व्हिडिओ उडवू नका आणि रात्री कमेंटमध्ये भांडत बसू नका, ते स्क्रीनशॉट नंतर तुमच्याच विरोधात फिरतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, उत्पन्न कमी असेल तर तिथून फुकट मिळतो.