१९४८ मध्ये घर सुटलेल्या पॅलेस्टिनींची नातवंडं आजही 'निर्वासित' कशी?

कारण मूळ प्रश्न सुटलाच नाही. इस्रायलच्या स्थापनेवेळी झालेल्या १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनींना घरं सोडावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव १९४ केला: ज्यांना परतून शांततेने राहायचंय त्यांना परतू द्यावं, बाकीच्यांना भरपाई द्यावी. इस्रायलने परतू दिलं नाही. या निर्वासितांसाठी काढलेली 'उन्रवा' ही संयुक्त राष्ट्रांची मदतसंस्था मुलानातवंडांचीही नोंद करते. आज आकडा ५९ लाखांच्या आसपास आहे. हा काही खास अपवाद नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या छावण्यांत राहिलेल्या अफगाणांनाही निर्वासितच मानतात.

दर्जा मात्र देशागणिक वेगळा. जॉर्डनने बहुतेकांना नागरिकत्व दिलं, पण १९६७ नंतर गाझातून आलेल्यांना नाही. सगळ्यात वाईट हाल लेबनॉनमध्ये. बैरूतच्या शातिला छावणीत गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन खाली पोचत नाही, डोक्यावर विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप एकमेकांत गुंतलेले. तिथेच जन्मलेल्या माणसाला डॉक्टरकी, वकिली करता येत नाही, स्वतःच्या नावावर घरही घेता येत नाही.

कित्येक कुटुंबांनी जुन्या घराची लोखंडी किल्ली अजून जपून ठेवली आहे. अनेकदा ते घरच काय, गावही उरलेलं नाही.