नऊ लाखांची गाडी आणि पंचेचाळीस लाखांचे पार्ट

गॅरेजच्या ओट्यावरून : वाचकांचे प्रश्न

काका, माझं वय सत्तावीस. अक्कलकोट रोडला आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. पुण्यातल्या एका डीलरकडे २०१३ची बीएमडब्ल्यू ५२०डी बघून आलोय. दिल्ली पासिंग, डिझेल, मीटरवर ७२ हजार. ९ लाख ४० हजार सांगतोय, नऊला देईल. तीन वर्षं पैसे साठवलेत, सगळे मिळून नऊच होतात. वडील म्हणतात, त्यात जुनी इनोव्हा घे. भावाचं लग्न जवळ आलंय, लवकर सांगा.
— एक वाचक, जुळे सोलापूर

बाळा, ही गाडी घेऊ नकोस. नुसतं 'नको' म्हणून थांबलो तर येत्या रविवारी तू टोकन देऊन येशील, म्हणून माझीच फजिती आधी सांगतो.

२०१४ची गोष्ट. तीस वर्षं हातात पाना धरलेला मी, नऊ वर्षांची मोठी जर्मन गाडी साडेसहा लाखांना घेऊन आलो. कंपनीचं नाव सोड, दोष माझ्या हौसेचा होता. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, सगळीकडे उगाच चहाला थांबलो, लोकांनी बघावं म्हणून. गड्ड्याची यात्रा चालू होती, तर बायकोला घेऊन होम मैदानापर्यंत मिरवून आलो. तिसऱ्या आठवड्यात सकाळी दार उघडतो तर गाडी पुढून एका बाजूला बसलेली, थकलेला बैल गुडघा टेकतो तशी.

त्या गाडीला साध्या स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे होते. एका फुग्याला केसाएवढी चीर पडली होती. रात्रभर हवा निघून जायची, सकाळी गाडी चालू केली की कॉम्प्रेसर घरघर करत पुन्हा भरायचा आणि पाच मिनिटांत गाडी उभी राहायची. मी म्हटलं, चालतंय की! दोन महिने तसंच चालवलं. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा गच्चीवरची टाकी गळकी असेल तर मोटारीचं काय होतं ते तुला माहीत आहे. कॉम्प्रेसरचं तेच झालं, चालून चालून जळाला. एका फुग्याचं दुखणं दोन पार्टवर गेलं. मग दुसऱ्या बाजूचाही फुगा गेला, कारण त्याचंही वय तेवढंच. वर्षभरात दोन लाख सत्तर हजार घातले आणि विकली तेव्हा साडेतीन हातात आले. जेवताना ताटात शेंगाचटणी वाढली की बायको अजून विचारते, 'हिच्यात हवा आहे का बघा.'

गाडी म्हातारी झाली की तिचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही. पार्टची किंमत ठरते ती गाडी नवी असतानाच्या हिशेबाने. म्हणजे तू घेणार नऊ लाखांची, पण दुरुस्त करणार चाळीस-पंचेचाळीस लाखांची गाडी. आणि नऊच लाख असतील तर पहिल्याच मोठ्या बिलाला ती शेडमध्ये ताडपत्रीखाली जाईल. तशा दोन तर होटगी रोडलाच उभ्या आहेत, मी रोज येता-जाता बघतो.

आता तुझ्या गाडीबद्दल. २०१३च्या ५२०डीत एन ४७ हे इंजिन येतं, १९९५ सीसीचं. ताकद छान, अ‍ॅव्हरेज छान. पण त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करणारी साखळी, पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. या घराण्याच्या, त्यातही २०११पर्यंतच्या, इंजिनांत चेन झिजून आवाज करायची तक्रार जगभर झाली. नंतरच्यांत कमी झाली, पण बारा वर्षांच्या गाडीत त्या भरवशावर राहू नये. चेन पुढे असती तर रेडिएटर बाजूला सरकवून काम झालं असतं. इथं गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. चेन तुटली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, मग नवं इंजिनच बघायचं. म्हणून डीलरला सांगायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नको. बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर त्याने तुझ्याआधी आवाज दाबून ठेवलाय असं समज आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिन चालू होताना मागच्या बाजूने साखळी ओढल्यासारखी खरखर आली तर हात जोडून परत ये.

ईजीआर कूलरचंही विचार. इंजिनात परत जाणारा थोडा धूर तो आधी थंड करतो. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात ५२०डी गाड्यांना आगी लागल्या, तिथं या कूलरमधली गळती कारण निघाली आणि लाखाहून जास्त गाड्या कंपनीने परत बोलावल्या. चासी नंबर दिला की या गाडीवर असं कुठलं काम बाकी आहे का, ते अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगतं.

गिअरबॉक्स आठ गिअरचा, झेडएफ कंपनीचा. माल उत्तम. गाडीवाले म्हणतात याचं ऑइल आयुष्यभराचं, बदलायची गरज नाही. गिअरबॉक्स बनवणारे मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणतात. कुणाचं आयुष्य, हा प्रश्न मी नेहमी विचारतो. बिलांत ते काम दिसलं नाही तर झालेलं नाही असंच धर.

तुझं घर ते कारखाना पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. डिझेलच्या धुराची काजळी धरणारा डीपीएफ सायलेन्सरच्या लाइनमध्ये असतो. ती काजळी जळायला इंजिन चांगलं तापून हायवेला सलग पळावं लागतं. सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहून ते होत नाही. तो तुंबतो, मग कुणीतरी सल्ला देतो 'काढून टाक'. काढायचा नाही, ते बेकायदा आहे. आणि मे महिन्यात पारा ४३ला गेला की कूलंटचे प्लास्टिकचे पाइप आणि टाकी बिस्किटासारखी तडकतात. बारा उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक आहे ते. गरम झालेली गाडी 'घरापर्यंत नेतो' म्हणून कुणी आणली की इंजिनचं हेड गेलंच समजायचं.

दिल्लीची गाडी स्वस्त का, तर २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पुढे कोर्टात उलटसुलट झालं, पण तोवर तिथल्या लोकांनी गाड्या मिळेल त्या भावाला बाहेर काढल्या. त्या खराबच असतात असं नाही. मात्र गाडी इथं वर्षाहून जास्त ठेवायची तर सोलापूरचा एमएच १३ नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्सही भरावा लागतो. तो तुझ्या नऊ लाखांवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवरून, वयाची सूट धरून निघतो. टोकन द्यायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन आकडा काढ. दिल्लीची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, तो फॉर्म २८, विक्रीचे २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा ३५. 'पेपर पंधरा दिवसांत पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही पंधरा दिवसांनी द्यायचे. शिवाय २०२८ला गाडीची पंधरा वर्षं भरतात. मग तपासणी, नव्याने नोंदणीची फी, ग्रीन टॅक्स. त्या वेळी तुझ्याकडून ती कोण घेणार?

७२ हजाराचा मला काडीचा विश्वास नाही. मीटर मागे घेणं हल्ली लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम आहे. पण या गाड्यांत किलोमीटरचा आकडा नुसता मीटरमध्येच नसतो, दुसऱ्या कंट्रोल युनिटांत आणि चावीतही साठतो. चांगल्या स्कॅनरने सगळे आकडे काढायला लाव. बहुतेक बदमाश एकच ठिकाण पुसतात. ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड तर फुकटात बघता येते.

वडिलांची इनोव्हाही डोळे मिटून घेऊ नका, टॅक्सीत चार लाख किलोमीटर पळालेल्या पांढऱ्या इनोव्हा धुऊन-पुसून येतात. पण तिचं काही बिघडलं तर मोहोळच्या नाक्यावरही कुणीतरी उघडतो. बीएमडब्ल्यूला फ्लॅटबेडवर अडीचशे किलोमीटर पुण्याला न्यावं लागतं. लग्नाला हवी असेल तर दोन दिवस भाड्याने आण, फोटोत कुणाला कळत नाही. आणि हौस फिटत नसेल तर अजून थांब. एकाच मालकाची, पुण्याकडची एमएच १२ किंवा १४ची, सगळी बिलं असलेली पेट्रोल गाडी सहा लाखांपर्यंत शोध आणि उरलेले तीन लाख बँकेत ठेव. त्यांना हात लावायचा नाही, ते गाडीचेच आहेत.

सांगलीकडची २०१७ची मोठी ऑडी फारच स्वस्त मिळते आहे. मालक म्हणतो, गरज आहे म्हणून विकतोय. काय बघावं?
— एक वाचक, मोहोळ

ऑगस्ट २०१९ला ती कुठं उभी होती ते बघावं. त्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. डिकीतला गालिचा उचला, खालच्या खोलगट भागात गाळ किंवा गंज राहतो. आत अत्तराचा वास जास्तच असेल तर सावध व्हा. या गाड्यांच्या वायरी आणि कनेक्टर गालिच्याखालून जातात. पाणी गेलं की लगेच काही होत नाही, दोन पावसाळ्यांनी कनेक्टर हिरवे पडतात आणि आज काच, उद्या गिअर, परवा एअरबॅगचा दिवा, असं सुरू होतं. त्याला मिस्त्रीकडे औषध नाही. जुन्या इन्शुरन्सचा क्लेम काढून बघा. मालक पॉलिसी दाखवत नसेल तर उत्तर मिळालंच.

माझी २०१४ची मर्सिडीज ई-क्लास, पेट्रोल, पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. ६१ हजार किलोमीटर. मुलगा म्हणतो, जुनी झाली, काढून टाक. इन्शुरन्सही फक्त थर्ड पार्टी ठेव म्हणतो.
— एक डॉक्टर, सोलापूर

डॉक्टरबाई, वर ज्या गाडीला मी 'नको' म्हटलं, जवळपास तिच्याच वयाची तुमची गाडी आहे, पण तुम्हाला म्हणतो, ठेवा. फरक एवढाच की हिचा केसपेपर पहिल्या दिवसापासून तुमच्या हातात आहे. दवाखाना आणि घर एवढंच जाणं-येणं असेल तर पेट्रोलच बरं. गिअरबॉक्सचं ऑइल झालं नसेल तर करून घ्या. टायरचे दात बघू नका, तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. तेवढे जुने असतील तर न झिजताही बदला.

पंधराशे सीसीवरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये आहे, जीएसटी असेल तो वेगळा. तेवढाच भरला तर बाकीचा हप्ता वाचतो असं वाटतं, पण तुमच्या गाडीचा एक हेडलाइट फुटला तरी तुमच्या खिशातून जाईल. पूर्ण विमा चालू ठेवा.

तरीही विकायचीच ठरली तर मासिकाकडे दोन ओळी पाठवा. जुळे सोलापुरात एक गिऱ्हाईक आहे. त्याच्या वडिलांशी मात्र आधी बोलावं लागेल.