बिस्किटाचा पुडा घरी ठेव

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण मोबाइलवर एवढं टाइप करायचं म्हणजे चष्मा, उजेड सगळं जमून यावं लागतं. पाचवीच्या चाळीस पोरांना दुर्मिळ माकडं आणि त्यांची जंगलं शिकवायचीत, आणि तू बोर्निओतल्या ओरांगउटानच्या जळक्या जंगलाची पीपीटी बनवलीयेस. चांगली झालीये. पण शनिवारी ती दाखवू नकोस, निदान सुरुवातीला तरी नको.

मी पण आधी हेच केलेलं. फोटो दाखवले, आवाज जड करून बोलले, दोन मुली रडल्या आणि मला वाटलं वा, पोचलं पोरांपर्यंत. त्याच रविवारी आपल्या ठाण्यातल्या येऊरच्या जंगलात, चढावर त्यातलाच एक मुलगा वडिलांच्या स्कूटरवर भेटला, पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचे सहा पुडे. म्हणाला, काकू, मी माकडांना वाचवायला आलोय. काय बोलणार त्याला, मीच तसं पाठवलेलं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, पोरांना माया शिकवावी लागतच नाही, ती त्यांच्याकडे पोत्याने असते, शिकवायचं ते लांब थांबायला.

म्हणून बोर्निओच्या आधी येऊर. उपवनच्या तलावापासून वर गेलं की माकडंही दिसतात आणि वानरंही, पोरं दोघांना एकच समजतात (त्यांचे आईबाप पण). लाल तोंडाच्या माकडाला गालात पिशव्या असतात, घाईघाईत चणे, फळं आत कोंबतं आणि नंतर निवांत बसून खातं, तेव्हा दाढ सुजल्यासारखं दिसतं. काळ्या तोंडाच्या लांब शेपटीच्या वानराला त्या पिशव्या नसतात, त्याचं पोट पाला पचवायला बनलेलं, साधारण गाईसारखं, आतले जंतू पाला आंबवतात, म्हणून ते खाऊन तासनतास फांदीवर बसून असतं. त्या पोटात क्रीमचं बिस्किट गेलं तर काय होत असेल, हे पोरांनाच विचार. एकही उपदेश न करता बिस्किटाचा विषय तिथेच संपतो.

मग हळूच सांग की डोक्यावर भांग पाडल्यासारखी केसांची टोपी असलेलं आपलं बोनेट माकड जगात फक्त दक्षिण भारतात आणि आपल्या बाजूला मिळतं, आणि ते आता धोक्याच्या यादीत आहे. उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड तापी-गोदावरी ओलांडून खाली सरकतंय आणि याची जागा घेतंय. त्यात माणसाचा हात आहेच, एका गावातून त्रास देणारी माकडं पकडायची आणि दुसरीकडे नेऊन सोडायची, झालं. रोज टेरेसवर दिसतं ते दुर्मिळ कसं असेल, असं एखादा विचारेलच, त्याला शाबासकी दे, प्रश्न बरोबर आहे.

जंगल तुटणं म्हणजे काय हे बोलून कळत नाही, खेळावं लागतं. दगड का माती माहितीये ना तुला, की तुमच्या वेळेला बंद पडला तो? वर्तमानपत्रं पसर, प्रत्येक कागद म्हणजे झाड, खालची फरशी म्हणजे रस्ता, पाय लागला की आउट. दर फेरीला दोन कागद उचल. सहाव्या फेरीला पोरं एकमेकांच्या अंगावर पडायला लागतात, काही कोपऱ्यात अडकतात आणि पलीकडच्या मित्राला हाका मारतात. बरोब्बर तेव्हा थांबव आणि आसामातल्या होलोंगापारचं सांग, जोरहाटजवळ. तिथे हुलॉक गिबन राहतो, भारतात मिळणारा एकमेव एप (ओरांगउटान, चिंपांझीच्या गटातला), शेपूट नाही, हातांवर झोके घेत जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही, आणि जंगलाच्या मधून रेल्वेची लाइन गेलीये. तुकडा इकडचा आणि तुकडा तिकडचा. नंतर तमिळनाडूतलं वालपराई, चहाचे मळे, मधे मधे उरलेलं जंगल, तिथलं सिंहपुच्छ माकड (आयाळ आहे पण नाव शेपटीवरून, पोरांना हे फार आवडतं). जगात त्याची प्रौढ माकडं २,५०० पेक्षा कमी. ती रस्ता ओलांडताना गाडीखाली यायची म्हणून लोकांनी दोन्हीकडच्या झाडांमध्ये आग विझवायच्या जुन्या होजपाइपांचे पूल टांगले, आणि माकडं ते वापरतात. हे सांगून झालं की कागद परत दे आणि दोरी पण दे, पूल पोरं आपणच बांधतील, मला कधी सांगावं लागलं नाहीये.

एक गोष्ट मात्र नक्की निघणार, बिरबलाची, हौदातली माकडीण, पाणी नाकाशी आलं की पिल्लाला पायाखाली घेते. प्रत्येक घरात कुणीतरी ती सांगितलेली असते. चिडू नकोस, फक्त सांग की खऱ्या माकडिणी मेलेलं पिल्लूसुद्धा कित्येक दिवस पोटाशी धरून फिरताना लोकांनी पाहिल्यात. वर्ग गप्प होतो. होऊ दे.

आणि रील्स. गुदगुल्या केल्यावर हात वर करणारं स्लो लोरिस, माकडांच्याच लांबच्या नात्यातलं छोटं जनावर, डोळे एवढे मोठे, पोरांनी ते पाहिलेलं असतंच. ते हात वर करतं कारण घाबरलेलं असतं, कोपराजवळच्या ग्रंथीतलं विष तोंडाजवळ आणायची ती तयारी, आणि विकणारे त्याचे दात आधीच तोडून ठेवतात. लाइक करायचं की नाही ते पोरं ठरवतील. पाम तेलासाठी ओरांगउटानचं जंगल जातं, तो विषय हवा तर मोठ्यांना सांग, दहा वर्षांच्या पोराला फरसाणावरून अपराधी वाटायला लावून काय मिळणार, किराणा काय ते भरतं?

खोटं गोड पण बोलू नकोस. एखादी म्हणेल माझ्या आज्जीला माकड चावलं. मग मान्य कर, चावतात, सवय आपणच लावली तरी चावा चावाच असतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, रेबीजच्या इंजेक्शनसाठी. हेही शिक्षणच.

वर पाड्यातल्या एखाद्या आजींशी आधी बोलून ठेव, त्यांचं पाहुणेपण नीट कर, उंबर कधी पिकतो आणि कुठल्या झाडावर वानरं झोपतात हे तुला मला पुस्तकातून काढावं लागतं, त्यांना तोंडपाठ. पोरांना त्यांच्यासमोर फोटो काढत सुटू देऊ नकोस.

दुर्बीण माझी घेऊन जा, शुक्रवारी संध्याकाळी वर्तकनगरला ये. उजव्या डोळ्याचं चाक घट्ट झालंय, ते पोरांना फिरवू देऊ नको, बाकी पडली तरी चालेल, चाळीस जणांच्या हातातून गेलीये ती याआधी.

तुझी काकू